पायताणांचा नकाशा

१९७३ साल. मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो आणि पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर मुकादम होतो. तिसरी शिकलेला माणूस मुकादम कसा झाला, असं विचारणारे तेव्हाही होते. त्यांना मी तेव्हा उत्तर दिलं नाही, आता या वयात तर देणारच नाही. त्या वर्षी आमच्या पत्र्याच्या खोलीत एक भाडेकरू राहायचा. त्याच्याबद्दल लिहितोय. त्याचं नाव सांगत नाही. गाव त्याला ‘वारंसायेब’ म्हणायचं, तेवढं पुरे.

गाव आमचं कडेगावाच्या पूर्वेला, माळावरचं. खाली कृष्णाकाठाला ऊस, आमच्याकडं नुसती उसाची बातमी. वारा मात्र भरपूर. आणि वारा आहे म्हणूनच सरकारनं ह्या माणसाला आमच्याकडं धाडला होता. माझ्या परड्यात त्यानं तारेचं कुंपण घातलं. आत चार पायांवर एक पांढरी लाकडी पेटी उभी केली, तिला चारी बाजूंनी तिरक्या पट्ट्या. एका खांबावर चार वाट्या गरागरा फिरायच्या, त्यावरून वाऱ्याचा वेग काढायचा. दुसऱ्या खांबावर दिशा दाखवणारा बाण. आणि खाली जमिनीत रोवलेलं पाऊस मोजायचं नरसाळं. दुष्काळात पाऊस मोजायला माणूस आला म्हटल्यावर गावानं कपाळाला हात लावला.

कामावर आक्का म्हणून एक खड्या आवाजाची म्हातारी होती. तिनं ती पांढरी पेटी बघितली, कुठला तरी देव बसवलाय असं तिला वाटलं, आणि जाऊन हळदकुंकू लावून आली. मला वाटलं, आता साहेब खवळतो. तो पेटीजवळ गेला, वाकून कुंकू बघितलं आणि म्हणाला, “कुंकू चालेल आजी. पण आत उदबत्ती लावू नका. तापमान चढतं.”

असा माणूस. अंगानं काटकुळा, अंगात भरपूर खिशांचा कोट, डोक्यावर ओला रुमाल. वारा अंगावर आला की हा वळून त्याला पाठ करायचा आणि उलटा चालायला लागायचा. का, तर म्हणे तोंडाला वारा खोटा लागतो, मानेला खरा कळतो. जेवायला बसला तरी तसंच. वारा फिरला की हा ताटासकट फिरायचा. आमची कारभारीण भाकरी घेऊन त्याच्याभोवती फिरायची. एकदा ती मला म्हणाली, “आवं, ह्यास्नी वाढता वाढता माझी परदक्षिना हुतीया. देवाला तरी कुठं येवढ्या घातल्या मी?”

माझ्या पुतणीच्या लग्नात अक्षता पडत होत्या तेव्हा ह्यानं मध्येच बोट ओलं करून वर धरलं आणि भटजीला म्हणाला, “सगळ्या ईशान्येला जातायत. नवऱ्यामुलाला जरा सरकवा.” आणि गंमत अशी की नवरामुलगा सरकला.

त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. “नोंद नाही म्हणजे झालं नाही.” काहीही सांगा. बैल मेला म्हणा, उन्हानं माणूस पडलं म्हणा, हा आधी विचारणार, नोंद आहे का. रोज सकाळी तो परड्यात जायचा, नरसाळ्यात वाकून बघायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, “शून्य!” मग ते लिहून घ्यायचा. दोन वर्षं रोज सकाळी आमच्या घरात पहिला शब्द ऐकू यायचा तो शून्य. कारभारीण वैतागली. “चांगलं सकाळचं उठून काय ह्यो बोलतोय. अशानं कसा पडंल पाऊस?” म्हणून एके दिवशी तिनं त्याच्या आधी उठून नरसाळ्यात तांब्याभर पाणी ओतलं. साहेब आला. वाकला. बोट बुडवून जिभेला लावलं. मग स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणाला, “वहिनी, हा पाऊस तुमच्या विहिरीतला आहे. मचूळ लागतो.” आणि परत जाऊन त्यानं शून्य लिहिलं.

हे एवढ्यासाठी सांगितलं की माणूस येडा नव्हता. तांब्याभर पाण्याला फसला नाही. तो फसला दुसरीकडं.

आता वावटळीचं सांगतो. उन्हाळ्यात आमच्या माळावर वावटळी उठतात. आणि वावटळ दिसली की आमच्याकडं पायातलं पायताण काढून तिच्यावर फेकतात. आत जे काही असतं ते पायताणाला भितं. हे मी मानतो का? नाही मानत. पण वावटळ अंगावर आली की पायातलं हातात कधी येतं ते कळत नाही.

साहेबाला हे पटायचं नाही. तो एकदा कामावर आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, “मुकादम, वावटळीत भूत नसतं. जमीन तापते, हवा तापून वर जाते, बाजूची हवा तिच्याकडं धावते आणि गिरकी घेते. माझं सगळं काम उडालेल्या वस्तूंवर चालतं. काय उडालं, कुठून उडालं, कुठं पडलं, यावरून वादळ कसं होतं ते कळतं. तुम्ही मध्येच वस्तू फेकायला लागलात तर मी वादळ मोजू का तुमची पायताणं?”

मला पटलं. मी ढिगाऱ्यावर उभा राहिलो आणि सगळ्या लोकांना ओरडून सांगितलं, “आजपास्नं वावटळीवर जो पायताण फेकील, त्याची त्या दिवसाची हजेरी मांडायची न्हाई. मग सुकडी मागाय येऊ नगा.” मी बोललो म्हणजे बोललो, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

त्यानंतर महिनाभरानं ती दुपार आली.

ऊन असं की घमेल्याला हात लावला तर चटका. वारा एकदम थांबला. मग पश्चिमेला एक काळा ढग खाली उतरल्यासारखा दिसला आणि माळावर वावटळी उभ्या राहायला लागल्या. एक न्हाई, दोन न्हाई. जत्रेत काठ्या उभ्या करतात तशा माळभर. लहान, मोठ्या, तांबड्या, राखाडी. आणि एक तर जमिनीतनं उठलीच नाही, ती ढगातनं खाली लोंबत आली, हत्तीच्या सोंडेसारखी. ती गावाकडनं गेली. बाया किंचाळल्या, गाढवं खोगिरासकट पळाली. माझ्या डोळ्यांत माती गेली. त्या गोंधळात कोण काय करतंय ते कुणी बघितलं नाही. मी तर नाहीच.

एकटा वारंसायेब त्या सोंडेच्या दिशेनं पळत होता. आणि तेही उलटा.

सगळं शांत झाल्यावर तो परत आला तेव्हा कोटाची एक बाही नव्हती, तोंडात माती होती आणि चेहरा पोरगं झाल्यासारखा उजळलेला. “मुकादम!” म्हणाला, “एक नाही हो, पिलावळ! एका ढगाखाली सगळी पिलावळ! असं कुणाच्या नशिबात नसतं. आता कुणीही काही उचलायचं नाही. जे जिथं पडलंय ते तिथंच राहील. मी मोजणार. आणि राखण तुमच्यावर.”

माझ्यावर म्हटल्यावर मी छाती पुढं काढली. तशीच माती थुंकत ढिगाऱ्यावर चढलो आणि सगळ्यांदेखत शब्द दिला, “सायेब माप घेऊन मोकळं करत न्हाईत तवर कशाला कुणी हात लावला, तर गाठ माझ्याशी हाय. मग तो माझा सख्खा भाऊ का असंना.”

मग घरी गेलो. कारभारीण पत्र्याच्या खोलीत मधोमध उभी होती आणि वर आभाळाकडं बघत होती.

“आवं,” ती म्हणाली, “छप्पर कुठं हाय?”

सोंडेनं आमचे पत्रे उचलून नेले होते. ते पडले होते गावाबाहेरच्या ओढ्यात, कोरड्या पात्राच्या मधोमध. मी बघून आलो आणि तिला सांगितलं, “हायेत पत्रं. वड्यात हायेत. काळजी करू नगंस. राखणीला मीच हाय.”

तिनं माझ्याकडं जे बघितलं ते मी अजून विसरलो नाही.

कारण असं की गावात आमच्याकडं एवढंच छप्पर उरलं होतं. मोठ्या घरावर गवताचं छप्पर होतं, ते दुष्काळात बैलांना खाऊ घातलं. पत्रा बैल खात नाही म्हणून पत्रा राहिला. त्याच्याखाली आडभिंत घालून एका बाजूला साहेबाची खाट आणि दुसऱ्या बाजूला कणगीत बियाण्याची बाजरी. दोन वर्षं आम्ही सरकारी मिलो ज्वारी खाल्ली, कामावरची सुकडी खाल्ली, पण पोटाला चिमटा काढून ते बी राखलं. मिरग तोंडावर आलेला. आता वळिवानं गाठलं असतं तर बी कणगीतच उगवून आलं असतं, आणि ओढ्याला पाणी सुटलं असतं तर पत्रेही गेले असते. बी दुसऱ्याच्या घरात ठेवायचं आमच्यात नाही. कणगीवर घोंगडं टाकलं आणि पश्चिमेकडं बघत बसलो.

तुम्ही म्हणाल, उचलून आणायचे पत्रे. कसे आणणार? शब्द दिला होता.

साहेबाला छप्पर गेल्याचं काही वाटलं नाही. खाटेवर उताणा पडून तो ढग बघायचा. “आता बाहेर जायला नको, वहिनी. सोय झाली.”

दुसऱ्या दिवसापासनं तो चुन्याची फक्की घेऊन माळावर फिरायला लागला. जे जे पडलेलं दिसेल त्याच्याभोवती पांढरं रिंगण. माझ्या पत्र्यांभोवती रिंगणं. एका घमेल्याभोवती रिंगण. आणि बाकी सगळी रिंगणं पायताणांभोवती. माळभर नुसती पायताणं पडलेली, एकेक, आणि प्रत्येकाला पांढरी चौकट... म्हणजे गोल. रांगोळी घातल्यासारखा माळ दिसायचा.

गाव कामावर एका पायात पायताण घालून यायला लागलं. ऊन तापलं की सगळे लंगडीवर. आक्का घमेलं घेऊन चालताना ज्या पायाला चटका बसेल त्या पायावर मला शिव्या द्यायची आणि दुसऱ्या पायावर साहेबाला.

मग साहेबानं एकेकाला बोलावून विचारायला सुरुवात केली.

“आजी, तुमचं पायताण कसं गेलं?”

“वाऱ्यानं.”

“पायातून?”

“मग काय डोस्क्यावरनं? पायातनंच.”

“दोन्ही का नाही गेली?”

“आता ते वाऱ्याला इचारा. त्याला एकच लागत आसंल.”

सगळ्यांनी हेच सांगितलं. वाऱ्यानं नेलं. कारण फेकलं म्हटलं असतं तर हजेरी गेली असती, आणि मुकादम तिथंच उभा. माझीही पाळी आली. माझं उजवं पायताण मोठ्या बाभळीजवळ रिंगणात पडलं होतं. मी सांगितलं, वाऱ्यानं नेलं. आजही तेच सांगतो.

या सगळ्यावरून त्या माणसानं जो नकाशा काढला, तो मी डोळ्यांनी बघितलाय. आमच्या दारावर आडवा टांगला होता. जिथं जिथं वावटळ उभी राहिली तिथं एक भोवरा, आणि चारी बाजूंनी पायताणं त्या भोवऱ्याकडं निघालेली. साहेबाची झोप उडाली. “मुकादम, साधी वावटळ वस्तू बाहेर फेकते. ही ओढून घेते. आणि बघा, डोक्यावरची टोपी कुणाचीही गेली नाही, पायातलं गेलं. म्हणजे ओढ कुठं आहे? जमिनीलगत! आजवर हे कुणी लिहिलेलं नाही. हे मी लिहिणार.”

त्यात शिदूची वहाण. शिदू मेंढरंवाला आटपाडीकडनं कळप घेऊन आलेला होता. त्याची वहाण म्हणजे जाड कातडं, खाली लोखंडी नाल, हातात धरली तरी मनगट दुखावं. ती सापडली सगळ्यांत लांब, ओढ्याच्याही पलीकडं. साहेबानं ती वहाण हातावर तोलली, वाट्यांच्या खांबाचे आकडे काढले, आणि कागदावर बेरीज-गुणाकार करून घाम पुसत म्हणाला, “ह्या जोरात म्हैस उडाली असती.”

आक्काची म्हैस त्या दुपारी माळावरच बांधलेली होती. ती म्हणाली, “माझी म्हस तर जाग्यावर हाय. रवंथ करत हुती.”

“तेच कोडं आहे,” साहेब म्हणाला, आणि दोन दिवस त्या म्हशीपुढं बसून राहिला. म्हैस बुजली. दूध आटलं. आक्कानं ती आटायला दुष्काळ कारण न धरता साहेबाला कारण धरलं.

आणि शिदू? शिदू घोंगडं पांघरून लांब बसायचा आणि काही विचारलं की म्हणायचा, “आमी काय, मेंढरामागची माणसं. वारं आलं, वहाण गेली.”

साहेबानं वर कळवलं. आणि खरंच वरनं मोठा साहेब जीपगाडीतून आला, ओढती वावटळ बघायला. गाडीवर डायवर होता, रहिमतपूरचा, पायात सरकारी काळे बूट. सगळा गाव माळावर जमला. दारावरचा नकाशा काढून आणला होता, तो दोघांनी धरला. आमचा साहेब हातात काठी घेऊन समजावत होता. त्या दिवशी त्यानं कोटाला नवीन बाही शिवून घेतली होती, रंग वेगळा. मोठा साहेब मान हलवत होता. “विलक्षण आहे. एकच पायताण. सगळ्यांचं एकच. विलक्षण.” आमचा साहेब असा उभा, जणू त्याचं लग्न लागतंय.

आणि तेवढ्यात त्यांच्या मागं एक वावटळ उठली.

चांगली दांडगी होती. गिरक्या घेत सरळ नकाशाकडं आली. आक्कानं पहिल्यांदा फेकलं. उरलेलं पायताण. मग सगळ्यांनी. आडवं, उभं, हात येईल तसं. नकाशा धरलेल्या दोघांनी नकाशा सोडला आणि फेकलं. शिदूनं कमरेची गोफण सोडली, उरलेली वहाण तीत घातली, डोक्याभोवती फिरवली आणि अशी सोडली की ती मोठ्या साहेबाच्या टोपीवरनं गुणगुणत गेली. डायवरनं जीपमधनं उडी टाकली, एक बूट उपसला आणि “थू! थू!” करत भिरकावला. त्यालाही कुणी शिकवलं नव्हतं. तिकडंही हेच चालतं.

मी माझं उरलेलं पायताण पायात दाबून धरलं. किती जोर लागला ते माझं मला माहीत.

वावटळ गेली. धूळ खाली बसली. आमचा साहेब जागचा हलला नव्हता. पायताणं त्याच्या डोक्यावरनं गेली होती आणि त्यानं मान फिरवत प्रत्येक बघितलं होतं, कुणाच्या हातातनं सुटलं आणि कुठं पडलं. आता सगळी पडली होती भोवऱ्याच्या जागी. चारी बाजूंनी. थेट नकाशातल्यासारखी.

मोठा साहेब खाली पडलेल्या नकाशाकडं बघत होता. बघता बघता त्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता की संतापला होता ते मला कळलं नाही, पण तो गाडीत जाऊन बसला आणि म्हणाला, “चला. नकाशा गुंडाळून ठेवा.”

डायवर बुटाकडं निघाला. तसा आमचा साहेब भानावर आला आणि ओरडला, “थांबा! बूट उचलू नका! नोंद व्हायचीय!” आणि पळत जाऊन त्यानं बुटाभोवती फक्कीचं रिंगण मारलं. डायवरनं मोठ्या साहेबाकडं बघितलं, मोठ्या साहेबानं आभाळाकडं. गाडी गेली ती एका बुटावर गेली.

लोक म्हणतात ह्यापायी त्याची बदली झाली. खोटं आहे. बदली पुढं दोन वर्षांनी झाली, आणि रहिमतपूरलाच झाली. मी एकदा बाजाराला गेलो तर हा मिरचीच्या पोत्यांमध्ये बसलेला, डोळे लालभडक, नाक गळतंय. म्हणाला, “मिरचीचा खाट कुठल्या बाजूनं जातो ते बघतोय, मुकादम.” तो बूट त्यानं डायवरला नेऊन दिला का, ते विचारायचं राहिलं.

तर त्या संध्याकाळी मला वाटलं होतं, आता हा माणूस जेवायचा नाही. जेवला. वाऱ्याबरोबर ताटही फिरवलं. पश्चिमेला ढग असे दाटलेले की डोंगर कुठला आणि ढग कुठला ते कळेना, आणि आत विजा चमकत होत्या. कारभारीण कणगीवरचं घोंगडं सारखं सारखं नीट करत होती. ते करून काही होणार नव्हतं.

भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून साहेब एकदम म्हणाला, “मुकादम, वजाबाकी येते तुम्हाला?”

“तिसरीत झालीया.”

“मग ऐका. पायताण जेवढं लांब गेलं, त्यात थोडा वारा आहे आणि थोडा हात आहे. हात वजा केला की वारा उरतो. नकाशा वाया नाही गेला हो! उद्या सकाळी वारा उठायच्या आत सगळ्यांनी माळावर यायचं, त्या दिवशी जिथं होते तिथंच उभं राहायचं आणि नुसतं फेकायचं. मी हात मोजून घेतो. झालं की सगळी रिंगणं मोकळी. ज्याचं त्यानं उचलून न्यावं.”

“पत्रंबी?” कारभारणीनं विचारलं.

“पत्रेही. पत्र्यांचं सगळं माप मुकादमांच्या रिंगणापासून धरलंय. त्यांनी फेकलं की पत्रे मोकळे.”

दोघंही माझ्याकडं बघायला लागली.

मी म्हटलं, “मी फेकलंच न्हवतं. मग फेकू कसा?”

“मुकादम, हजेरीचं मी कुणाला—”

“हजेरीचं न्हवं सायेब. माझं वाऱ्यानं नेलं. मी हुकूम दिला आन् मीच मोडला, असं म्हनायचंय का तुमाला?”

साहेबानं हातातला तुकडा ताटात ठेवला आणि शांतपणे म्हणाला, “मग तुमचं रिंगण अर्धवट राहील. आणि अर्धवट रिंगणावरून मला पत्रे सोडता येणार नाहीत. मलाही नियम आहेत.”

आता सांगा. एका घरात दोन हट्टी, वर छप्पर नाही, आणि मध्ये ती बाई. तिनं आधी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“एकदा फेकून मोकळं व्हा की. काय जातंय तुमचं? बी भिजल्यावर काय पायतानं पेरायची का रानात?”

मी उत्तर दिलं नाही. उत्तर नव्हतं म्हणून नाही. मी देत नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, उरलेलं पायताण पायात घातलं आणि माळावर गेलो. बघायला म्हणून गेलो. सगळा गाव आधीच येऊन आपापल्या जागी उभा होता. साहेबानं परड्यातला वाट्यांचा खांब उपटून माळावर आणून रोवला होता. वाट्या अगदी स्तब्ध. झाडाचं पान हलत नव्हतं. आभाळ मात्र खाली टेकलेलं.

साहेब नाव पुकारत होता, आणि ज्याचं नाव येईल तो आदल्या दिवशी उचलून आणलेलं पायताण फेकत होता. वावटळ नाही, काही नाही, नुसत्या मोकळ्या हवेवर. मोठमोठी माणसं गंभीर तोंड करून फेकत होती. आक्काचं तर हातातनं सुटून मागंच गेलं. साहेबानं तेही लिहिलं. शिदूची पाळी आली. त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि मुकाट्यानं गोफण काढली. वहाण ओढ्यापलीकडं गेली. साहेब बराच वेळ तिकडं बघत राहिला. मग त्यानं कागदावर एक मोठी काट मारली आणि आक्काला म्हणाला, “आजी, म्हैस उडाली नसती.”

“मी सांगत हुते,” आक्का म्हणाली.

मग माझं नाव आलं. त्याच वेळी एक थेंब माझ्या मानेवर पडला. मोठा, रुपयाएवढा. दुसरा कुणाच्या तरी घमेल्यावर वाजला. कारभारीण गर्दीत उभी होती. तिनं ओढ्याच्या दिशेनं नुसतं बघितलं.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “माझं त्या दिवशी वाऱ्यानंच नेलंय. ह्ये सगळ्यांनी ध्यानात ठिवा. आज मी नुसतं बघतोय, वाऱ्याबिगर किती जातंय त्ये.”

आणि पायातलं काढून फेकलं.

ते गेलं, बाभळीला वळसा घातल्यासारखं गेलं, आणि रिंगणात पडलं. माझ्याच रिंगणात. तिथं पहिल्यापासनं पडलेल्या जोडीदाराच्या अंगावर, घरी दारात काढून ठेवावं तसं.

मग आक्का म्हणाली, “मुकादमा, वाऱ्याचा हात आगदी तुझ्यावानी दिसतोय रं.”

साहेबाची पेन्सिल कागदावर टेकलेली. तो रिंगणाकडं बघत होता. मग माझ्याकडं बघितलं. मग त्यानं पेन्सिल कानामागं खोचली, बोट जिभेला लावून वर धरलं, आणि सगळ्या गावाला म्हणाला, “वारा सुटला. आत्ताच. ही नोंद धरता येत नाही. पत्रे न्या, मुकादम.”

मी खांबाकडं बघितलं. वाट्या हलत नव्हत्या.

मी रिंगणात गेलो, दोन्ही पायताणं पायात घातली, ओढ्यात उतरलो आणि पहिला पत्रा डोक्यावर घेतला. घरापर्यंत त्याच्यावर पाऊस वाजत होता.